निर्णय कोणी घेतला?

अमरावती, ३ जुलै २००६

प्रिय छबू,

मार्चमध्ये बाबांच्या तेराव्याला तू आली नाहीस, त्यानंतर मी तुला लिहिलंच नाही. चुकलं माझं.

आज बालहक्क संस्थेत धोरण-अभ्यासाची फेलोशिप सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांची मीच सगळ्यांत मोठी. कापूस बुडायला लागल्यापासून अकोटकडच्या ज्या मुलींची शाळा सुटली, त्यांची माहिती घरोघरी फॉर्म भरून सरकारपुढे मांडायची आहे. शिकवणारी गजाला म्हणाली, "ताई, दुसऱ्याच्या घरात शिरायच्या आधी आपल्या घरचा फॉर्म भरा."

मी तुझा भरला. शाळा सातवीत सुटली. कारण, आई अंथरुणाला खिळलेली. निर्णय कोणी घेतला? तिथे 'वडील' लिहिलं, फॉर्म गजालाकडे दिला आणि चहा प्यायला गेले. काहीच वाटलं नाही.

छबू, बाबांनी मला विचारलं होतं. "कुमुद, तुहं बीएचं वर्ष हाय. घरी तुले ठेवू का छबूले?" मी म्हटलं, "तिले ठेवा. तिचं तसंबी अभ्यासात मन नाही." तू वर्गात पहिली यायचीस. त्यानंतर चोवीस वर्षं तू बाबांशी बोलली नाहीस, आणि त्यांनी माझं नाव कधी सांगितलं नाही.

तुझी,
कुमुदताई

उद्या: गजालाकडून फॉर्म परत घेऊन 'वडील' खोडणे, 'मोठी बहीण' लिहिणे.