बगळा भात खात नाही

३ सप्टेंबर
काल सायंकाळी दोह्याच्या विमानतळावर सुखरूप उतरलो. चिरंजीव सुदाम, सूनबाई ममता व पाच वर्षांची नात ईरा असे सर्व मला घ्यावयास आले होते. प्रवासात मी कोणाचेही साहाय्य घेतले नाही, याची येथे नोंद असावी. ईरेने गळ्याला मिठी मारली व इंग्रजीत पुष्कळ बोलली. तिला मराठी सर्व समजते, उत्तर मात्र मराठीत येत नाही. सुदाम हमद पोर्टवर नोकरीस असल्याने बिऱ्हाड जवळच अल वक्रा येथे आहे. घरापासून थोड्याच अंतरावर खाडी असून तिच्या काठी तिवरांचे बन आहे. बाणकोटच्या खाडीवर जन्म काढलेल्या माणसास आणखी काय हवे? माझी पत्नी तानूबाई हयात असती तर पदर खोचून चिंबोऱ्या धरावयास उतरली असती.

७ सप्टेंबर
रोज उजाडताच खाडीकाठी फिरावयास जातो. ऊन चढल्यावर येथे उभे राहवत नाही. ओहोटी लागली की चिखलातून लहान खेकडे निघतात व बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालतात. तिवरांच्या मुळांमधून तुतवार पाखरे लगबगीने पळतात. रोहित पक्षी थंडीत येतात, असे आमच्या घराच्या फाटकावरचा रखवालदार फुजैल सांगतो. सर्वांत देखणा तो काळसर बगळा. अंग राखेच्या रंगाचे, गळा पांढरा. उथळ पाण्यात नाचल्यासारखा धावतो व नेमका मासा टिपतो. त्यास पाहण्यात माझी सकाळ जाते. कावळा मात्र अद्याप एकही दिसला नाही.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी
तानूबाई सवाष्णपणी गेली, म्हणून तिचे पान आजच्या तिथीस. सूनबाईंनी खीर, वडे, भोपळ्याची भाजी असे सर्व यथासांग केले. कावळा घासाला शिवल्याविना घरात कोणी जेवावयाचे नाही, ही आमची रीत. पान घेऊन निघालो तेव्हा फुजैल हसून म्हणाला, "चाचा, इधर कव्वा कहाँ मिलेगा? कबूतर चलेगा क्या?" मी तसाच पुढे निघालो.

ईरा शाळेतून आली होती, ती हट्टाने बरोबर आली. पान तिवरांपाशी ठेवले. पुष्कळ वेळ गेला. सुदामाचा फोन आला : "बाबा, यल्ला, चला लवकर! मला ड्यूटीवर जायचंय. कावळे आमच्या पोटात ओरडताहेत, त्यांनाच घाला तो घास." मागून सूनबाईंचे हसणे ऐकू आले. मला ते फार लागले.

कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरवण्याचा शब्द द्यावा लागतो. तानूबाई नातीचे तोंड न पाहताच गेली. मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "घास शिव. ईरेला तुझ्या मांडीवर देईन." तत्क्षणी तो काळसर बगळा उतरला व सर्व भात खाऊन गेला. जेवावयास बसा, असे सुदामास ताठ मानेने कळवले.

१६ सप्टेंबर
बगळा आज मासे धरीत नव्हता. कालच्या पानाच्या जागी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. एकही खेकडा बिळाबाहेर आला नाही.
परतताना जे ध्यानात आले, ते कालच यावयास हवे होते. बगळा भात खात नाही. खाडीवर आयुष्य गेलेल्या मला हे ठाऊक होते. लेकासुनेपुढे हसे होऊ नये म्हणून डोळेझाक केली.

१८ सप्टेंबर
फुजैलने विचारले, चाची केव्हा आल्या? हिरव्या लुगड्यातील एक वृद्ध बाई सकाळपासून आमच्या भिंतीपाशी बसून असते, पाय चिखलाने भरलेले असतात, असे तो म्हणाला. थट्टा करीत नव्हता. तानूबाईस अखेरचे नेसवले ते लुगडे हिरवेच होते. मी जाऊन पाहिले. भिंतीवर बगळा होता. ईरेच्या खिडकीकडे तोंड करून.
खरे लिहितो, क्षणभर मला आनंद झाला.

१९ सप्टेंबर
ईरा खेळता खेळता मजकडे न पाहता म्हणाली, "आजी सेज, बाजीराव प्रॉमिस्ड."
तानूबाईने लग्नातील उखाण्यानंतर उभ्या जन्मात माझे नाव घेतले नाही. शेवटच्या श्वासालाही "अहो" म्हणाली.
ती तानूबाई नव्हे.
सुदामास सर्व सांगितले. तो म्हणाला, "खलास, बाबा. ऊन लागलंय तुम्हाला. आता खाडीवर जाणं बंद." पोरीच्या डोक्यात काहीबाही भरवू नका, असे सूनबाईंनी बजावले. सोमवारी माझे परतीचे तिकीट काढणार आहेत. मी गेल्यावर ईरेपाशी कोण —

२० सप्टेंबर
सर्व निजले असता उजाडताच गेलो. नवे पान ठेवले. शब्द मागे घेतो, असे तीनदा म्हणालो. नाक घासले. भाताला मुंगीदेखील शिवली नाही.
चिखलात पक्ष्याची पावले होती, घराच्या दिशेने. वाटेत ती माणसाची झाली. परत गेलेली नाहीत.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
आज पितर परतावयाचे. दिवस मावळेपर्यंत ईरेस सांभाळले की सुटलो. सुदाम ड्यूटीवर आहे. ममता दुकानातून आत्ता येते म्हणून गेली. मी विनवले, जाऊ नका. ती हसली.

दार लावले. खिडकी लावली. ईरा माझ्यासमोर.

चिखलाचा वास येतो आहे. ओहोटीच्या —

ईरा खिडकीपाशी हसते आहे. मराठीत बोलते आहे. स्वच्छ, आमच्या बाणकोटकडचे मराठी. मी हाक मारली, वळली नाही.

माझे पाय उचलत नाहीत. गुडघ्यापर्यंत रुतल्यासारखे. ओरडतो तो आवाज निघत नाही. हात तेवढा चालतो.

ईरा बसली आहे. पाय झुलवते आहे. तेथे खुर्ची नाही — खाली काहीच —

केसांवरून कोणी हात फिरवावा तसे तिचे केस —

ईरे, उतर. बाळ, उतर —

मला नावाने हाक —

शब्द मी दिला होता, पोरीने नव्हे, मला ने —