महूच्या लिलावातली लॉरी

धार,
ता. २० नोव्हेंबर १९२१

तीर्थस्वरूप दादांचे चरणी धाकट्या भवानीचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र दिवाळीनंतर पावले. वहिनींचे अनारसे त्याच्या आधी आले आणि संपलेही. येथे सर्व क्षेम आहे. थंडी पडू लागली, तुरी फुलावर आहेत.

आपण विचारता की हंबीररावांनी खरेच मोटार-लॉरी घेतली, की लोक उगाच उठवतात. खरेच घेतली. महूच्या छावणीत लष्कराने लढाईतल्या जुन्या मोटारी लिलावात काढल्या, त्यांतली ही एक. चाकांना भरीव रबर, मागे साखळ्या आणि पाठीवर लोखंडी हौदा. बाजूचे हँडल फिरवले की मळसूत्राने हौद्याचे पुढचे तोंड वर उचलते आणि आतली माती-खडी मागच्या मागे ओतली जाते, अशी तिची करणी. निदान तशी असायला हवी. लढाईत समुद्रापार बसऱ्याला हे असलीच लॉरी हाकत असत, म्हणून तिची सगळी हाडे ह्यांना ठाऊक आहेत. मांडवच्या रस्त्यावर दरबारचे मुरूम टाकायचे काम निघाले आहे, ते मिळवावे असा ह्यांचा विचार.

गंजाबद्दल आपण ऐकले तेही खोटे नाही. दोन पावसाळे ती उघड्यावर उभी होती. अंगणात आणली त्या दिवशी मी हौद्यात डोकावले तर तळातून खालचे गवत दिसले. पत्रा बोटाने दाबला तर पापडासारखा तुटला. आता रघुजी लोहार येतो. तो कुजलेला पत्रा छिनीने कापून काढतो आणि नवा पत्रा रिबिटा मारून बसवतो. उरलेला गंज विटेच्या तुकड्याने आणि वाळूने खरवडायचा, घासलेटाने पुसायचा आणि अळशीच्या तेलात शेंदूर खलून त्याचा हात द्यायचा, म्हणजे पुन्हा गंज धरत नाही. खरवडण्याचे काम मी करते. शेंदूर लागल्यावर रघुजी म्हणाला, "भाभी साब, अब नारियल और चढ़ई दो." हेसुद्धा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

सरदार घराण्यातल्या मुलीने गोषा सोडून लोखंड घासावे हे आपल्याला लाजिरवाणे वाटते. अंगणाला भिंत आहे, दादा. आणि भिंत नसती तरी मी घासले असते.

मानाजीच्या श्राद्धाचा निरोप यंदाही आम्हांला आला नाही. ह्यांच्याच शब्दावर तो पलटणीत गेला, हे आपले म्हणणे मी कधी खोडले नाही. आपला धाकटा भाऊ परत आला नाही आणि माझा नवरा आला, म्हणून आपण ह्यांच्याशी बोलणे टाकले, तेही मी समजू शकते. पण तो पटकीने गेला, गोळीने नाही, आणि परमुलखात का होईना, नदीकाठी ह्यांनी त्याला अग्नी दिला. आई गेली ती त्याच समाधानात गेली. एवढे तरी ध्यानात असू द्यावे.

ह्यांची प्रकृती बरी आहे. बोलणे कमी, ते आपल्याला माहीत आहेच. मला न्यायला माणूस पाठवता म्हणता. लॉरीचा रंग वाळेपर्यंत तरी मला सवड नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली
भवानी


धार,
ता. १८ जानेवारी १९२२

तीर्थस्वरूप दादांस, भवानीचा नमस्कार.

तिळगूळ पाठवला आहे, गोड मानून घ्यावा. आपण पाठवलेला माणूस मी परत धाडला, त्याचा राग आला असेल. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावे. आणि वाचताना मुले जवळ नसावीत.

लॉरी चालू झाली. काम मिळाले. पहिल्या दिवशी ती मांडवच्या वाटेवरच्या नालछ्यापर्यंत गेली तेव्हा पोरे मागे धावत होती म्हणे. पण हौदा काही वर होईना. मळसूत्राचा दांडा गंजून एकजीव झालेला. मजूर फावड्यांनी मुरूम उतरवत, त्यात अर्धा दिवस जाई. ओव्हरसियर नीलकंठपंत दोनदा बोलले की हौदा उलटत नसेल तर माझ्या बैलगाड्या काय वाईट होत्या, हे काम मी परत त्यांनाच देतो.

मला नवल वाटले ते ह्यांचे. लॉरीचा खिळा न् खिळा ह्यांनी उतरवून साफ केला, मडगार्डाच्या आतला गंजसुद्धा सोडला नाही, पण मळसूत्राला हात लावला नाही. रघुजीने लावला तर त्याच्यावर ओरडले. तो मला म्हणाला, "भाभी साब, भिया को इससे काईं दुश्मनी है?" मी म्हटले, तूच सांग बाबा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हे मुरमाचा हिशेब बोलायला नीलकंठपंतांकडे गेले होते. मी रघुजीला बोलावले. दांड्यावर आम्ही आधीच घासलेट सोडत आलो होतो, ह्यांच्या नकळत. रघुजीने भात्यावर लोखंड तापवून ते मधल्या नटाला लावले, वरून तेल सोडले आणि हातोड्याने चहूबाजूंनी ठोकले. मग आम्ही दोघे हँडलाला भिडलो. आधी नुसता करकरला. मग एकदम सुटला. मला इतका आनंद झाला, दादा! मी एकटीच फिरवीत राहिले, हौदा वर वर चढू लागला, त्यातली उरलीसुरली माती घसरून मागे पडली.

तेवढ्यात हे दारातून आले.

"खाली घे! खाली घे तो!" असे ओरडले की शेजारचे लोक भिंतीवरून बघू लागले. मला हाताला धरून बाजूला ओढले, पण हँडल धरण्याचे काही ह्यांना धैर्य झाले नाही. तिथेच मातीत बसले. रघुजीने हौदा खाली घेतला आणि निघून गेला.

मी पाणी आणले. जवळ बसले. भरदुपारची वेळ होती. मग ह्यांनी सांगितले, ते मी जसे ऐकले तसे लिहिते.

मानाजीला अग्नी दिला नाही, दादा. बसऱ्याच्या त्या छावणीत पटकीने माणसे पटापट जात होती आणि त्या मुलखात सरण रचायला लाकूड नाही. मोठा खड्डा खणला होता. प्रेते वाहायला मुरमाच्या लॉऱ्या लावल्या होत्या, त्यांतली एक ह्यांची. मानाजी आदल्या सांजेला ह्यांच्याबरोबर जेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. ह्यांनी त्याला आपल्या कांबळ्यात गुंडाळून इतरांबरोबर हौद्यात ठेवले. खड्ड्याशी गेल्यावर ह्यांनी विनवले, एवढ्या एकाला हाताने उतरवू द्या. पण रोगाच्या भीतीने खाली उतरायला मनाई होती आणि मागे आणखी लॉऱ्या खोळंबल्या होत्या. हुकूम झाला. ह्यांनी हँडल फिरवले.

"माझ्या हातांनी ओतला गं त्याला," म्हणाले. "मुरूम ओततात तसा."

तो माझाही भाऊ. मी त्याला कडेवर खेळवलेला. मी उठून आत गेले, चुलीपाशी उभी राहिले आणि परत बाहेर आले. मला राग आला होता हे लपवीत नाही. मी विचारले, "मग असली लॉरी घेतलीत कशाला?"

"मला एवढं एकच काम येतं. आणि लिलावात पाहिलं तर मळसूत्र गंजून बसलेलं. म्हटलं, ही बरी. हिचा हौदा वर व्हायचा नाही."

आईला खोटे का सांगितले हे मी विचारले नाही. आपणही विचारू नये.

आपल्याला लिहू का, असे मात्र विचारले. म्हणाले, "लिही. मी सांगायला हवं होतं, मला जमलं नाही. तुझ्या दादांना, जयसिंगरावांना, जे करायचं ते करू दे."

तेव्हा लिहिले. ज्याला अग्नी मिळाला नाही त्याच्यासाठी पळसाच्या देठांचा पुतळा करून तो संस्कार करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तो अधिकार आपला. आपले उपाध्ये नर्मदेकाठच्या नेमावरचे. आपण दिवस ठरवावा, आम्ही दोघे येऊ. ह्यांना येऊ नका म्हणालात, तर मीही येणार नाही.

आपली
भवानी


धार,
ता. १२ मार्च १९२२

सौभाग्यवती नर्मदावहिनींस, भवानीचा नमस्कार.

तुमचे पत्र आले. दादा नेमावरहून आल्यापासून काही सांगत नाहीत, नुसते अंगणात बसतात, असे लिहिता. ते सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

आम्ही लॉरीनेच गेलो. वाटेत तिने पुष्कळ छळले, पण पोचलो. दादा आधीच घाटावर होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला, ह्यांच्याकडे पाहिले नाही. उपाध्यांनी पुतळा केला, दादांनी मंत्राग्नी दिला. हे लांब, पायरीवर उभे होते. मी मधे. देठ सुकलेले होते, पाहता पाहता जळाले. नर्मदेला पाणी कमी होते, पण स्वच्छ.

स्नान करून वर आल्यावर दादा ह्यांच्यासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांनी पहिला शब्द बोलले.

"हौद्यात त्याला ठेवला कुणी?"

"मी."

"एकट्यानं?"

"एकट्यानं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वजन काही राहिलंच नव्हतं."

दादा उपरणे पिळत राहिले. त्यातले पाणी केव्हाच निथळून गेले होते, तरी पिळत होते. मग गाडीवानाला म्हणाले, "तू रिकामी गाडी घेऊन ये. मी ह्यांच्याबरोबर येतो."

तर वहिनी, नेमावरपासून तुमच्या हाटपिपल्यापर्यंत दादा पुढे ह्यांच्या शेजारी बसून आले. दोघे काय बोलले मला माहीत नाही. मी मागे हौद्यात गोधडी टाकून बसले होते. पुढे दाटीवाटीने तिघे मावलो असतो, पण मला तिथेच बसायचे होते. वाटभर मी त्या पत्र्यावर हात ठेवून होते. हाटपिपल्याला नृसिंहाच्या देवळापाशी दादा उतरले, आणि उतरताना ह्यांना "सांभाळून हाका" म्हणाले. एवढेच.

मांडवचे काम चालू आहे. हौदा आता सरळ वर होतो. हँडल रघुजी फिरवतो. तेवढा वेळ हे बोनटाकडे तोंड करून उभे राहतात. ह्यांना ते फिरवणे कधीतरी जमेल, नाही तर जमणारही नाही. नीलकंठपंतांना मी कळवले आहे की त्याबद्दल ह्यांना काही विचारू नये.

दादा अंगणात बसले तर बसू द्या. त्यांना बोलवायला जाऊ नका. चहा नेऊन ठेवा आणि तुम्हीही जवळ बसा. मला तेवढे एकच येते, आणि तेवढ्याने होते.

तुमची नणंद, दादांची आणि मानाजीची बहीण,
भवानी