फळीमागचं नाव

२ सप्टेंबर
आले एकदाची. बसमधून उतरले तर एब्बाबाई फाटकात उभ्याच. वय एक्क्याऐंशी, कणा ताठ, पायात लाकडी तळव्याच्या चपला. गावच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, त्यामुळे अजूनही समोर तिसरीचा वर्ग बसल्यासारख्याच बोलतात. माझी हत्यारांची पेटी बघून म्हणाल्या, बाई गं, हे उचलून आणलंस तर माझं घर सहज पेलशील.

घर बघून खरंच जीव हरखला. एकशे ऐंशी वर्षांचं लाकडी घर, तांबडा रंग, पांढऱ्या चौकटी, मागे सफरचंदाची दोन झाडं. चौदा खिडक्या. काचा जुन्या, लाटा असलेल्या, त्यातून झाडं थोडी हलल्यासारखी दिसतात. खिडक्या उतरवायच्या, काचा धरून ठेवणारी जुनी लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडायची, कुजलेलं लाकूड बदलायचं, काचा परत बसवून जवसाच्या तेलाचा रंग द्यायचा. थंडी सुरू होताना आतली जादा तावदानं लागतात आणि फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. त्याआधी सगळं उरकायचं.

बावीस वर्षं भावाच्या कारखान्यात खिडक्या केल्या. त्याआधी वडिलांच्या. पाटी आधी वडिलांची, मग भावाची. हेड्डा ब्रूमान हे नाव कधी कुठे लागलं नाही. हे माझं पहिलं स्वतःचं काम, सेहेचाळिसाव्या वर्षी का होईना. मला माडीवरची खोली दिलीय. एकटीच हसत बसलेय.

४ सप्टेंबर
इथे दहाची कॉफी चुकवायची नाही. एब्बाबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात आणि वेलदोड्याचे पाव गरम असतानाच पोचावं लागतं. आज कॉफी पिताना कळलं की मी पहिली नाही. गेल्या वर्षी इवार सेलिन नावाचा सुतार होता. काम अर्धवट असतानाच एके दिवशी दहाच्या कॉफीला आलाच नाही. हत्यारं इथेच, कोट अजून दाराजवळच्या खुंटीवर. पोलीस येऊन गेले. गावाने ठरवून टाकलं की कुणा बाईच्या मागे उत्तरेकडे गेला असणार.

मग बाईंनी त्याच्या पाच खिडक्या दाखवल्या. दाखवल्या कसल्या, मिरवल्या. माणूस कसाही असो, म्हणे, पण हात काय होता.

बघितल्या. लांबीची धार एका सुरीने एका दमात ओढलेली, कुठे बोट लागल्याची खूण नाही. कोपरे असे जुळलेले की सांधा शोधावा लागतो. चांगलं काम आहे. लिहितेय, पण लिहिताना दात आवळलेत.

९ सप्टेंबर
माझी पहिली खिडकी झाली. तीन दिवस राबले, रंगाचे तीन पातळ हात दिले, मधे नीट वाळू दिलं. एब्बाबाई चष्मा लावून जवळ गेल्या, मान हलवली आणि म्हणाल्या, छान गं, अगदी इवारच्या जवळपास.

जवळपास. तळपायाची आग मस्तकात गेली. मी हसून आणखी एक पाव घेतला. भाऊही असंच म्हणायचा, बाईमाणसाच्या मानाने बरं करतेस.

दुपारभर मी इवारच्या खिडकीसमोर उभी राहून खोट शोधत होते. सापडली नाही.

१४ सप्टेंबर
विचित्र झालं. काल संध्याकाळी जेवणघराची खिडकी अर्धी लांबी भरून सोडली होती. सकाळी पुरी भरलेली. माझ्या अर्ध्या भागात बोटाचा किंचित ठसा राहिला होता, तोही नाही. धार एका दमात ओढलेली.

एब्बाबाईंना विचारलं, इथे कोण येतं? म्हणाल्या, कोण येणार, पाद्रीसुद्धा येत नाही. मग ती खिडकी बघून पहिल्यांदा मनापासून खूश झाल्या. बघ, हात बसला की तुझा, आता इवारची आठवण येणार नाही मला.

मी मान डोलावली. ज्या खिडकीबद्दल शाबासकी मिळाली ती मी केलेली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? हा मेला इवार इथेच आसपास कुठेतरी राहत असणार आणि मला हिणवायला येत असणार. सापडला तर त्याची काही खैर नाही.

२० सप्टेंबर
आणखी दोन खिडक्या तशाच. मी अर्ध्या सोडते, सकाळी पुऱ्या. दाराला आतून कडी असते.

आज उत्तरेच्या खोलीत खिडकीखालची रुंद फळी कूज तपासायला काढली. तिच्या आतल्या बाजूला, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं: इवार सेलिन. या घराच्या चौदाही खिडक्या मी केल्या.

आमच्या धंद्यात ही रीत आहे. काम संपलं की कुणाला दिसणार नाही अशा जागी आपलं नाव लिहायचं. आधीच्याचं नाव असेल तर त्याखाली आपलं. पण चौदा? पाच करून गेलास, आणि चौदा? उरलेल्या नऊ खिडक्यांपायी माझं मनगट दुखून आलंय.

नावाच्या जागी फळी मात्र खोलगट आहे. हात फिरवला तर चमच्यासारखा खड्डा लागतो. कुणीतरी इथे आधीही रंधा मारलाय, एकदा नाही, बरेचदा. म्हणजे या दिवट्याने आधीच्याचं नाव काढून आपलं घातलं. शाबास. फळी परत बसवली. रीत मोडायची नाही, असं स्वतःला चारदा बजावलं.

२७ सप्टेंबर
चौदाही झाल्या. शेजारची मंडळी बघायला आली होती. एब्बाबाई त्यांना खोलीखोलीतून फिरवत होत्या. ही इवारची, ही इवारची, ही हेड्डाची पण इवारच्या वळणाची. इवारच्या वळणाची म्हणे. खारवलेले मासे आणि बटाटे जेवले, पण अर्धं ताट तसंच सोडलं. मी त्या न पाहिलेल्या माणसाचा इतका द्वेष करते की त्याच्या खिडक्यांकडे बघवत नाही. मला त्याचा हात हवाय. नाही मिळणार, तर निदान त्याचं नाव तरी तिथे नको.

३० सप्टेंबर
केलं.

सकाळी अकराला, लख्ख उन्हात, कॉफी पिऊन आल्यावर. फळी काढली, रंधा लावला. चार हातांत इवार सेलिन भुशात गेला. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग लिहिलं: हेड्डा ब्रूमान. या घराच्या चौदाही खिडक्या मी केल्या.

शेवटचं अक्षर झालं आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी लांब श्वास सोडला. मग जिन्यावर पावलं, खाली उतरणारी, मग पळणारी. बाहेरचं दार धाडकन उघडलं. खिडकीतून पाहिलं तर अंगणात एक माणूस गुडघ्यांवर बसला होता, केसांत भुसा, दोन्ही हात गवतात खुपसलेले.

एब्बाबाई ओरडल्या, अरे, इवार. त्याला घरात बोलावलं, पण तो उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना. बाहेरच उभ्याने चार कप कॉफी प्याला. आज तारीख कोणती, साल कोणतं, असं विचारत होता म्हणे. कोट मागून घेतला आणि बसथांब्याकडे चालायला लागला. माझ्यासाठी निरोप ठेवून गेला. तिला सांगा काम फार चांगलं आहे, आणि म्हणावं मला माफ कर.

माफी मागितलीच पाहिजे त्याने. चांगलं आहे म्हणाला. तो स्वतः म्हणाला. आज मी राणी आहे.

१ ऑक्टोबर
दहाच्या कॉफीची हाक ऐकून खाली गेले. एब्बाबाई माझ्याकडे बघून हाका मारत राहिल्या. हेड्डा, पाव गार होतायत गं. मी समोर उभी होते. हात हलवला. त्या माझ्यामधून जिन्याकडे बघत होत्या.

वाटलं थट्टा करतायत. पाव उचलायला गेले. बोटांना लागला नाही.

२ ऑक्टोबर
बाहेरचं दार उघडून गेले आणि उत्तरेच्या खोलीत आले. परत गेले. परत उत्तरेची खोली. सात वेळा. मागच्या दारानेही तेच.

एब्बाबाई फोनवर सांगतायत, हीसुद्धा गेली, हत्यारं टाकून गेली, आजकालची माणसं. मी त्यांच्या कानाशी ओरडतेय की मी इथेच आहे.

३ ऑक्टोबर
हाताला फक्त कामाचं लागतं. रंधा, पटाशी, लांबी, ही पेन्सिल. वही माझ्याजवळ होती म्हणून राहिली.

फळी काढली. माझं नाव रंध्याने काढायला गेले. भुसा पडतो, नाव तसंच. दहा वेळा. खरवडून खरवडून बोटं फाटली, रक्त नाही आलं. आपल्या हाताने आपलं नाव निघत नाही.

आता कळलं. माफ कर म्हणजे काय ते.

५ ऑक्टोबर
त्याने माझ्या खिडक्या पुऱ्या केल्या. इतक्या सुंदर. मी जळावं म्हणून. आणि मी जळले, त्याचं नाव काढलं, तो सुटला. त्याच्याआधीचाही असाच— तो खड्डा— किती जण—

८ ऑक्टोबर
जादा तावदानं मीच लावली. आतून. दोन तावदानांमधे ओल शोषायला कापूस, त्यावर शोभेला बाईंची वाळलेली फुलं. पट्ट्या चिकटवल्या. तेवढंच हाताला लागतं. बाई बघून रडल्या. म्हणाल्या, माझ्या लक्षातच आलं नाही, जाण्याआधी सगळं करून गेली, बिचारी.

बिचारी नाही हो, इथे आहे—

१९ जानेवारी
काम करते. सगळ्या धारा पुन्हा ओढल्या. इवारपेक्षा सरस झाल्यात. खरंच. पाहणाऱ्याचं काळीज जळेल अशा. जळायला हवं.

११ एप्रिल
नवा सुतार आला. बिर्गेर. गोल पोट, शीळ घालत काम करतो. जिने आणि जमीन दुरुस्त करायला. खिडक्यांपाशी थांबला. मी त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले.

एब्बाबाईंना म्हणाला, अहो, हे कुणी केलं? असं मला सात जन्मांत जमणार नाही. आणि मोठ्याने हसला.

हसला.

१६ एप्रिल
त्याच्या जिन्याचा कठडा मी पुरा केला. त्याच्यापेक्षा चांगला. सकाळी बघून म्हणाला, बाई, तुमच्या घराला हात आहेत, मला अर्धीच मजुरी द्या. पुन्हा शीळ.

याला हेवा येतच नाही. कसा येत नाही— मला त्याच्या त्या शिळेचा हेवा वाटतोय—

२ मे
उद्या जातोय. शेवटचं काम, उत्तरेची खोली. फळी ढिली आहे असं त्याला वाटलं. मीच ढिली केली होती.

काढली त्याने. वाचलं. टोपी काढली डोक्यावरून. एब्बाबाईंना हाक मारून दाखवलं. म्हणाला, हिचं नाव इथे राहिलंच पाहिजे.

रंधा त्याच्या हाताशी आहे. मीच ठेवला, अगदी हाताशी. उचल ना. एकदाच उचल.

पेन्सिल घेतली त्याने. माझ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहितोय— आणि थोडी मदत बिर्गेरची.

फळी उचलली. बसवतोय. दोन स्क्रू झाले.

अरे बाबा, खोड ते. मी काही एवढी मोठी नाही, त्यातल्या नऊच माझ्या, पाच त्याच्या होत्या, खोटं लिहिलंय मी, वाच ना नीट— जळ की माझ्यावर, एकदा तरी जळ—

तिसरा. हळूच पिळतोय, लाकडाला चीर जाऊ नये म्हणून. किती चांगला हात आहे मेल्याचा, मला असा कधीच—

चौथा स्क्रू उचलला. फळी बसली की माझं नाव खरवडणारं आता कुणी—