फ्लॉइड शुक्रवारी कुठे होता

३ ऑक्टोबर १९९९, रविवार
पुन्हा मीच! इथे आखातात कंपनीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी बघतो, म्हणून चौकशी समितीतही मीच. परवा, शुक्रवारी सकाळी, उम्म सलालच्या स्टोअरमधून तांब्याची केबल गेली. किल्ली फ्लॉइडकडे — वसईचा, आमचा स्टोअरकीपर. (दुसरी किल्ली ऑफिसात खिळ्याला लटकलेली असते. ते कोणी बोलत नाही.) वॉचमन जहूर म्हणतो, "पीछे से देखा, वैसाही था." पाठमोरे आम्ही सगळे वैसेच. चाळिशीनंतर तर फारच.

४ ऑक्टोबर
समितीत तिघे: अध्यक्ष रहमानसाहेब, अकाउंट्सचा हॅरी आणि अस्मादिक.
फ्लॉइड म्हणाला, "मी तिथे नव्हतो, सर."
हॅरी लगेच, "मग होतास कुठे?"
फ्लॉइड हॅरीकडे नुसता बघत राहिला.
हॅरी पुन्हा, "बोल ना बाबा! कुठे होतास?"
पुन्हा तेच बघणं. घाबरलाय बिचारा. दोघे एकाच गावचे, पण हॅरीचा आवाज काय करडा!

५ ऑक्टोबर
समितीसाठी सूचना टाइप केल्या. तो तिथे होता, हे कंपनीने सिद्ध करायचं. तो दुसरीकडे होता, हे त्याने सिद्ध करायचं नाही. शंका उरली तर फायदा त्याचा. गप्प बसणं हा पुरावा नव्हे.
रहमानसाहेबांनी मन लावून वाचलं. चष्मा काढला. "बहोत अच्छा लिखा है, पंडितजी. मगर वो था किधर?"
हरे राम!
पाठशाळेत तर्काचं उदाहरण घोकलं होतं — देवदत्त जिवंत आहे, घरात नाही, अर्थात बाहेर आहे. बाहेर कुठे, हे त्याला कोणी शास्त्र्याने विचारलं नाही. शतकानुशतकं सुटलाय लेकाचा! कारण त्याला व्हिसा लागत नव्हता.

६ ऑक्टोबर
दिवसभर भांडलो. घसा बसला. बाकी काही नाही.

७ ऑक्टोबर
दोन विरुद्ध एक. हॅरीसुद्धा विरुद्ध! "जागा सांगत नाही म्हणजे खोटंच ना?" रविवारी काढून टाकल्याचं पत्र. मग व्हिसा खलास, त्याची बायको सिमोना आणि लहानगी मुलगी रिबेका यांचाही. पत्राचा मसुदा कोण करणार? मीच!
विभावरी म्हणाली, "समितीत घसा फोडता, पण त्याला एकट्याला कधी विचारलंत का?" नाही विचारलं. बायको असली की वकील लागत नाही. संध्याकाळी नजमा भागात फ्लॉइडच्या खोलीवर गेलो.
"मला तरी सांग रे."
"सर, सांगितलं तर माझं राहील, दुसऱ्याचं जाईल."
बाईचं लफडं की काय! घरी येताना सगळा रस्ता त्याच्यावरच चरफडलो.

८ ऑक्टोबर
शुक्रवार, इथली साप्ताहिक सुट्टी. मसुदा: "खेदाने कळवण्यात येते की" — पुढे सरकत नाही. खेद कोणाला?

९ ऑक्टोबर, शनिवार
ॲना आली होती, हॅरीची बायको. बसलीसुद्धा नाही. "भाऊ, शुक्रवारी सकाळी आमच्याकडे प्रार्थना असते, पडदे लावून. कंपनीच्या क्वार्टरात माणसं जमवतो हे कळलं तर हॅरीची नोकरी जाईल. त्या दिवशी फ्लॉइड गिटारवर होता. हॅरी त्याच्या शेजारी उभा राहून गात होता."
मी मसुद्याचा कागद पालथा घातला.
"उद्या समितीपुढे मी सांगणार आहे. हॅरीला अजून बोलले नाही."