मनूचा निळा झगा

८ एप्रिल १९४६, सोमवार. सांगली

दाजी येताहेत. येत्या रविवारी. बातमी पक्की – त्यांच्याच पलटणीतला आकाराम पुण्याच्या लष्करी इस्पितळात त्यांना भेटून आला. "ह्या डोळ्यांनी बघितलं, आप्पासो. चालतंय, बोलतंय, जेवतंय. आनि काय पायजे?" इस्पितळात कशाला होते, हे मी विचारलंच नाही. वीस वर्षं बातम्या लिहितोय आणि पुढचा प्रश्न विसरलो! डोक्यात एकच – मनूला न्यायला येणार.

मनू सहा वर्षांची. तिची आई लीला, माझी धाकटी बहीण, गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून पोरगी माझ्यापाशी. बाप लढाईवर गेला तेव्हा ती रांगत होती. आता त्याच्यापुढे विटक्या झग्यात उभी करायची? नाही. शिंपी म्हणतो, "लग्नसराई हाय, अखितीनंतर या." मग मीच शिवणार.

९ एप्रिल

रेशनवर कापड मिळालं. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. शेजारच्या नेमिनाथांनी दुकानातल्या गठ्ठ्याच्या तळातून काढून दिलं. मनूने ते गालाला लावून पाहिलं.

"मामा, खिसा करशील?" करीन. "दोन?" बरं, दोन.

१० एप्रिल, बुधवार

अंक छापायला गेला. कापडाला हात लागला नाही.

११ एप्रिल

बेतलं, कापलं, टाचलं. शिवण मी बेचाळीसच्या तुरुंगात शिकलो. तिथे शिवायचो एकच कपडा – कैद्यांचा सदरा. हात आपोआप त्याच वळणाने गेले! सरळ खांदे, सरळ बाजू, खाली पोतं.

संध्याकाळी नेमिनाथांच्या चंपाबाई दिवस मावळायच्या आत जेवण उरकून आल्या आणि दारातच थांबल्या. "अगंबाई! आवं आप्पासो, आता पाठीवर लंबर बी टाका की! पोरगी बापाकडं चाललीया का येरवड्याला?"

"लंबर म्हंजे काय?" – मनू. हसून पुरेवाट झाली.

मग त्याच बसल्या शिकवायला. कंबरेत कापा, खालच्या घेराला चुण्या घाला, मग जोडा. कापड पुरलं, नशीब. जाताना म्हणाल्या, "वाढत्या अंगाचा शिवा. खाली वीतभर दुमडून ठेवा. पुढल्या वर्साला उसवून सोडता येतंय."

पुढल्या वर्षी कोण उसवणार? वीतभर दुमडून ठेवलं.

१२ एप्रिल

चंपाबाईंच्या मशीनवर बाह्या जोडल्या. एक उलटी लागली. उसवली.

१३ एप्रिल

खिसे झाले. मनूने लगेच एकात चिंचोके भरले. झोपताना –

"बाबा कसे दिसतात?"

"उंच."

"तुझ्यापेक्षा?"

"माझ्यापेक्षा."

"मग तू पण चल ना आमच्याबरोबर."

अग्रलेख हवा तेवढा लांबवता येतो मला. इथे म्हणालो, "झोप आता."

१४ एप्रिल, रविवार

दाजी आले. डावा हात कोपरापासून नाही. बाही दुमडून टाचलेली. आकाराम बरोबर इस्पितळ सांगून गेला आणि हे गिळून बसला.

मनू आत पळाली. मला वाटलं, भ्याली. तर नवा झगा घालून बाहेर आली आणि बापाकडे पाठ करून उभी राहिली. "बटणं लावा."

झग्याची बटणं पाठीवर. सगळ्या मुलींची असतात तशी. दाजी एका हाताने लावू लागले. पहिलं काजात जाईना. गेलं, तर दुसरं लावताना सुटलं. कपाळावर घाम. पोरगी हलली नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लावली.

नंतर परसात म्हणाले, "आप्पासो, हिला तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. घरी आई हाय, पन तिला दिसत न्हाई. आनि मी असला. पोरीची बटणं बी लावता येत न्हाईत मला."

आठ दिवस मला हेच ऐकायचं होतं. 'बरं' एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो, उद्या बोलू.

आत आलो तर मनू त्यांच्या मांडीवर. ती टाचलेली बाही उलटसुलट करून पाहत होती. "हे कुणी शिवलं? वाकडं झालंय. मामाला सांगते, तो उसवून नीट करील."

दाजी हसले – मोठ्याने. मग डोळे पुसायला उजवा हात पुरला त्यांना.

१५ एप्रिल

झग्याची पाठ शिवून बंद केली. पुढून कापला, पट्टी लावली, माझ्या कोटाची मोठी बटणं काढून तिच्यावर लावली. मनूने तिची तिने लावली – चारही, खालून वर. दाजींनी गाडीची वेळ विचारली.

उद्या सकाळी मिरजेच्या गाडीने दोघं कोरेगावला जातील.