तीन मिलिमीटर

९ मे

तीर्थरूप दादास,
साष्टांग नमस्कार. अकरा वर्षांनी वाकतोय. कंबर धरली तर हसू नकोस. इकडे सगळे बरे. बाबांच्या बायपासचे छातीवरचे टाके सुकले. स्वभावाला टाके घालणारा डॉक्टर मात्र अजून सापडलेला नाही.

बातमी अशी की त्यांच्या जुन्या गाडीला मी एसी बसवला. हो, त्याच गाडीला. इंजिन फिरवतं त्या क्रँकच्या पुलीपुढे दुसरी पुली जोडली, एसीचा कॉम्प्रेसर धरायला जाड लोखंडी प्लेटचं ब्रॅकेट केलं, तेही इंजिनच्या मूळ बोल्टांवर. एकही भोक पाडलं नाही. माप डोळ्यांनी घेतलं. पंचवीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस फुटपट्टी कशाला शोधेल? त्या पुलीवरून कॉम्प्रेसरच्या पुलीवर चढवलेला पहिला बेल्ट उडून बॉनेटला आतून आपटला. दुसरा किंचाळत जळला.

मग बाबा खुर्ची ओढत आले, दोन्ही पुल्यांवर दोरा ताणून धरला नि म्हणाले, "तीन मिलिमीटर बाहेर आहे, शहाण्या. थोरल्यानं असला गाढवपणा केला नसता."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. तू गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझा उल्लेख मी ऐकला नव्हता.

तीन मिलिमीटरची चकती घातली. आता बेल्ट इतका गुपचूप फिरतो की आपल्या घरातला वाटत नाही.

आता मुद्द्याचं. आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात तू हेच म्हणत होतास. दवाखान्यात नेता-आणताना ती गाडीत घुसमटायची. बाबा म्हणाले, "माझ्या गाडीला हात लावायचा नाही." आणि मी वर तोंड करून म्हणालो, "आईच्या आधीपासून घरात आहे ती, मान तिचाच पहिला." बाबा हसले. आई गेली आणि आठवड्यात तू बॅग भरलीस. तेव्हा मला वाटलं, तू त्यांच्यावर रागावून गेलास. सोयीचं होतं तसं वाटणं. चुकलो, दादा.

डॉक्टरांनी बाबांना उन्हातला प्रवास बंद केलाय, आणि त्यांना तुझ्याकडे यायचंय. सहा तासांचा रस्ता. भाड्याची गाडी नको म्हणतात. "ह्याच गाडीतून जाणार. थोरल्याला बघू दे." तुझ्याशी काय बोलायचं ते ठरलंय म्हणे, मला सांगत नाहीत.

रविवारी दुपारी पोचतो. दार उघडलंस तर उत्तम. नाही उघडलंस तर तुझ्या फाटकासमोर एसी लावून बसू. इंजिन तापत नाही. दोन तास गाडी उभी करून एसी चालवून पाहिलाय.

परवानगी न मागता निघणारा,
तुझा धाकटा