अकारविल्हे बाग

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? पाचव्या मजल्यावरून खाली उतरणं होतं का, की लेकाच्या गॅलरीत बसून नुसत्या गाड्या मोजतेस? मी खुशाल आहे. बागही खुशाल आहे, पण ती कशी, हे जरा सविस्तर सांगावं लागेल. तेव्हा चष्मा लाव आणि बसून वाच.

घर विकताना तू तुझ्या बागेतल्या बियांचा डबा माझ्या हाती दिलास. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या चाळीस पुड्या, फुलं आणि भाज्या एकमेकांत मिसळलेल्या. क्रम मोडू नकोस, असं तू बजावलंही होतंस. पण बत्तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला मुळ्यानंतर झेंडू आणि झेंडूनंतर अंबाडी दिसली की हात शिवशिवतात. त्याच दुपारी मी सगळ्या पुड्या अकारविल्हे लावल्या (आणि मोठा तीर मारल्यासारखा चहा प्यायलो). अंगणात पेरल्याही त्याच क्रमाने. ऊन कुठे, सावली कुठे, कोणाला कोणाचा शेजार मानवतो, ते सगळं त्या डब्यातल्या क्रमात होतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. तुझी पन्नास वर्षांची बाग मी एका दुपारी नीट लावून मोडली. याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

गाजराशेजारी गुलबक्षी आली. ती अशी माजली की गाजरं करंगळीएवढीच राहिली. भोपळा भेंडीच्या अंगाखांद्यावरून चढत भिंतीपलीकडे शेजारच्या शिंप्याच्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसला. सूर्यफुलं शेवटी, म्हणजे नेमकी भिंतीच्या सावलीत. ती आता माना लांब करून शिंप्याच्या खिडकीत डोकावतात. तो दोनदा तक्रार करून गेला. तिसऱ्यांदा भांडायला आला आणि भोपळा घेऊन गेला. हल्ली स्वतःच्या घरातली भाजीची सालं माझ्या खताच्या खड्ड्यात आणून टाकतो, आणि सूर्यफुलांना पाणी कमी पडलं की मलाच बोल लावतो. बाकी तुझे नियम पाळतो आहे. भाज्या धुतलेलं पाणी वाफ्यांना, पालापाचोळा मुळाशी, विकतचं औषध नाही. अकारविल्हे लावल्यामुळे झेंडू आणि टोमॅटो मात्र शेजारी आले, आणि टोमॅटोला यंदा कीड नाही. शिंप्याला वाटतं, हे माझ्या अभ्यासाचं फळ. मीही चष्मा पुसत मान डोलावतो.

लेकाला आणि सुनेला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. यंदाचं बी धरून पुड्या बांधल्या आहेत. नावं घातलीत, पण क्रम लावलेला नाही. फोनवर विचारलं की तू म्हणतेस, जागा बघितल्याशिवाय कसं सांगू.

पुन्हा ता. क. तोंडली उगवलीच नाहीत. 'त'चा वाफा रिकामा बघवेना, म्हणून तिथे हातांची उंच खुर्ची ठेवली आहे. अक्षर बरोबर आहे ना, ताई? दारातली पायरी काल फोडून उतार करून घेतला. चार दिवसांसाठी नको, राहायलाच ये.